आजीचा डबा आणि अडखळणारा आवाज

प्रश्न : मॅडम, मी नागपूरला मानेवाड्यात राहतो, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या आजीची नजर गेली आहे. तिच्यासाठी एक डबा करतोय : चार मोठी बटणं, एक स्पीकर, मेमरी कार्डावर कीर्तनं आणि मामाने वाचून रेकॉर्ड केलेल्या गोष्टी. आत एसटीएम३२एफ४०७ ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे, १६८ मेगाहर्ट्झवर. एमपीथ्रीचा डीकोडर, म्हणजे दाबलेल्या फाइलीतून आवाज परत काढणारा प्रोग्राम, मी स्टँडर्डमधली सूत्रं बघून स्वतः लिहिला. कॉम्प्युटरवर तो नीट चालतो, डब्यात मात्र आवाज अडखळतो. काही फाइली सुरू होताना खर्र वाजतं. थांबवून पुन्हा लावलं की टक् होतं. वेग वाढेल म्हणून वाजायच्या नमुन्यांचा बफर (साठवायची जागा) चिपमधल्या सीसीएम या वेगळ्या मेमरीत हलवला, तर आवाजच गेला. बॅटरी एका संध्याकाळी उतरते. मित्र म्हणतो मोठी चिप घे, नाहीतर डीकोडरची तयार चिप लाव. काय करू?

उत्तर : मोठी चिप घेऊ नकोस. आहे ती या कामाला पुरून उरते. हे तुला धीर द्यायला म्हणत नाही, हिशेब बघ. एमपीथ्रीची फाइल फ्रेम नावाच्या तुकड्यांची असते. एका फ्रेममध्ये दर चॅनेलला आवाजाचे ११५२ नमुने असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक फ्रेम २६ मिलिसेकंद वाजते. तेवढ्यात तुझा प्रोसेसर जवळपास ४४ लाख सायकल चालतो. नीट लिहिलेला डीकोडर तुझ्या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरवर त्याच्या चौथ्या हिश्शातही बसतो. बाकीच्या सायकल कुठेतरी गळताहेत, ती गळती आधी शोध.

शोधायचं साधन चिपमध्येच आहे. डीडब्ल्यूटी या मोजमापाच्या विभागात सायकल मोजणारा काउंटर असतो. हफमन (दाबलेले बिट उलगडणं), रिक्वांटायझेशन (आकडे मूळ मापात आणणं), स्टीरिओ, आयएमडीसीटी (फ्रीक्वेन्सीचे आकडे काळाच्या नमुन्यांत बदलणं) आणि सिंथेसिस फिल्टर (फ्रीक्वेन्सीच्या ३२ पट्ट्या जोडून आवाज बनवणं), डीकोडरच्या या प्रत्येक टप्प्याच्या आधी आणि नंतर तो वाच. कार्ड वाचायला लागलेला वेळ वेगळा लिही. आणि सरासरी काढत बसू नकोस, सगळ्यांत जास्त वेळ खाल्लेली फ्रेम कोणती ते लिही. आपल्याकडे मे महिन्यात कूलर चालवतो तसंच हे आहे. दिवसभरात पाणी किती लागलं याने काही होत नाही, दुपारी दोनला टाकी कोरडी पडली की पंप खडखडतो.

सूत्रं वाचून लिहिलं आहेस म्हणून माझा पहिला संशय डबलवर, म्हणजे ६४ बिटांच्या दशांश आकड्यांवर. या चिपचं फ्लोटिंग पॉइंट युनिट फक्त सिंगल प्रिसिजनचं, म्हणजे ३२ बिटांच्या फ्लोटचं आहे. प्रोग्राममध्ये तू ०.७०७१ असं लिहिलंस की सी भाषा तो आकडा डबल धरते, आणि त्याचा गुणाकार मग लायब्ररी कित्येक डझन सायकल खर्चून करते. फ्लोटचा गुणाकार एका सायकलमध्ये होतो. आकड्यांच्या शेवटी एफ लाव, जीसीसी कंपायलरचा डबल-प्रमोशनचा (फ्लोटचं नकळत डबल होण्याचा) इशारा चालू कर आणि त्याला हार्ड-फ्लोट, म्हणजे चिपचंच युनिट वापरायला, सांगितलंय ना ते बघ. माझ्या अंदाजाने एवढ्यानेच अर्धं अडखळणं जाईल.

दुसरा संशय घात काढणाऱ्या पॉव फंक्शनवर. रिक्वांटायझेशनमध्ये प्रत्येक आकड्याचा चार-तृतीयांश घात लागतो. दर आकड्याला पॉव बोलावलंस तर चिप त्यातच दमते. तक्ता कर. आकडा जास्तीत जास्त ८२०६ पर्यंत जातो, म्हणजे पूर्ण तक्ता ३२ किलोबाइटच्या आसपास होईल आणि तुझ्या १ मेगाबाइट फ्लॅशमध्ये आरामात मावेल. लहान हवा असेल तर एक सुंदर गोष्ट आहे : ८ चा चार-तृतीयांश घात बरोबर १६ येतो. म्हणून मोठा आकडा ८ ने भागून तक्त्यात बघायचा, मधल्या जागी अंदाज जोडायचा आणि उत्तराला १६ ने गुणायचं. बहुतेक आकडे १५ च्या आतच असतात, त्यामुळे या फाट्यावर क्वचितच जावं लागतं.

आता सिंथेसिस फिल्टर. इथे जरा थांबते, कारण सूत्रावरून लिहिणारा प्रत्येक जण इथे अडकतो. मीही अडकले होते. स्टँडर्डमधली आकृती समजावण्यासाठी काढलेली आहे, चालवण्यासाठी नाही. त्यात ३२ पट्ट्यांचे ३२ आकडे घेऊन ६४ करायचे असतात, म्हणजे दर वेळी २०४८ गुणाकार. सेकंदाला हे १३७८ वेळा होतं. एका चॅनेलला २८ लाख गुणाकार झाले. पण त्या ६४ आकड्यांत निम्मे हे बाकीच्यांचीच प्रतिबिंबं आहेत, काहींचं चिन्ह तेवढं उलटं. आत लपलंय ते ३२ बिंदूंचं डीसीटी (कोसाइन रूपांतर), आणि बी. जी. ली यांनी १९८४ साली मांडलेल्या पद्धतीने ते ८० गुणाकारांत होतं. २०४८ च्या जागी ८०! कागद-पेन घेऊन एकदा स्वतः सोडव, दोन संध्याकाळी जातील, पण मग ते कायमचं तुझं होईल.

त्याच आकृतीत १०२४ घरांचा एक बफर दर वेळी ६४ घरं पुढे सरकवायला सांगितलाय. ९६० आकड्यांची ही हलवाहलव दर सेकंदाला दोन्ही चॅनेल मिळून २६ लाखांवर जाते, आणि तिच्यातून निष्पन्न काहीच होत नाही. बफर जागेवर राहू दे, सुरुवातीची खूण फिरव.

तुझा स्पीकर एकच आहे. मग हा फिल्टर दोनदा कशाला चालवतोस? आयएमडीसीटीनंतर दोन्ही चॅनेलच्या पट्ट्यांची बेरीज करून निम्मी कर आणि फिल्टर एकदाच चालव. फिल्टर रेषीय आहे, उत्तर तेच येतं.

मामाच्या गोष्टींसाठी आणखी एक. एक पट्टी ६८९ हर्ट्झ रुंद असते. बोलण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या बऱ्याच पट्ट्या शून्य निघतात, त्यांचा आयएमडीसीटी करायचं कारण नाही. पण इथे एक खड्डा आहे. मागच्या ग्रॅन्यूलचा (अर्ध्या फ्रेमचा) उरलेला अर्धा भाग या वेळच्या उत्तरात मिळवायचा असतो. पट्टी आत्ता शून्य आहे म्हणून सगळंच सोडून दिलंस तर आधीच्या शब्दाची शेपटी कापली जाईल. आत्ताचा भाग आणि मागचा उरलेला भाग, दोन्ही शून्य असतील तरच सोड. शिवाय शेजारच्या पट्ट्यांमधलं अलायझिंग (एकमेकींत मिसळलेला आवाज) काढताना सीमेच्या दोन्ही बाजूंचे आठ-आठ आकडे बदलतात, म्हणून शून्य कुठून सुरू होतात ते त्या पायरीनंतर ठरव.

आणि हे करताना प्रत्येक बदलानंतर उत्तर तपास. तुझा कॉम्प्युटरवरचा, सूत्रांबरहुकूम चालणारा डीकोडर हीच तुझी फूटपट्टी. त्याचं आणि डब्याचं उत्तर नमुन्याला नमुना लावून बघ. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या चाचणीत पूर्ण अचूक म्हणवून घ्यायला उत्तरातल्या चुकांचं आरएमएस (एक प्रकारची सरासरी) पूर्ण पल्ल्याच्या एक लाखाव्या भागाहूनही थोडं कमी असावं लागतं. फ्लोटमध्ये ते सहज जमतं. शेवटी १६ बिटांत उतरवताना नुसतं कापू नकोस, गोल कर, आणि पल्ल्याबाहेर गेलेला आकडा काठावर थांबव. नाहीतर मोठ्या आवाजात तो उलटून पलीकडच्या टोकाला जातो आणि फटाका वाजतो.

हे मी एवढ्या पोटतिडकीने सांगतेय त्यालाही कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी हिंगण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होते. आम्ही अंध मुलांच्या एका शाळेसाठी धडे वाजवणारं यंत्र केलं होतं. चिप जुनी, फ्लोट नाहीच. वेग मिळावा म्हणून मी गुणाकाराआधीच दोन्ही आकड्यांचे खालचे बिट कापले. ऑफिसात पंखा, रस्त्यावर ट्रक, आम्हाला कुणाला काही वेगळं जाणवलं नाही, आणि तपासणी न करता यंत्र गेलं. पंधरा दिवसांनी मी शाळेत गेले तेव्हा आठवीतला एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, शब्द संपला की मागं पाऊस पडते.' मी इअरफोन लावून ऐकलं. दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत खरंच बारीक सरी पडत होत्या. माझ्या कापलेल्या बिटांच्या होत्या त्या. त्या मुलांनी पंधरा दिवस तसंच ऐकलं होतं. ती यंत्रं मी परत आणली आणि सगळ्यांमध्ये नवा प्रोग्राम घातला. तुझी आजीही कानांनीच जगते, म्हणून तपासणी टाळू नकोस.

आता बाकीच्या तक्रारी. फाइलच्या सुरुवातीची खर्र बहुधा मुखपृष्ठाच्या चित्राची आहे. फाइलीच्या सुरुवातीच्या आयडीथ्री टॅगमध्ये (नाव-गायक वगैरे माहितीच्या भागात) जेपेग चित्र असतं, आणि जेपेगमध्ये एफएफ-ई० ही बाइटांची जोडी सुरुवातीलाच येते. तिचे पहिले अकरा बिट सगळे १ असतात, आणि फ्रेमची खूणही नेमकी तीच! तुझा डीकोडर चित्रालाच फ्रेम समजतोय. टॅगच्या पहिल्या १० बाइटांत त्याची लांबी लिहिलेली असते, दर बाइटाचे ७ बिट घेऊन. तेवढं ओलांडून पुढे जा. खूण सापडली तरी लेयरचे बिट (एमपीथ्री म्हणजे लेयर ३) तपास आणि फ्रेमच्या लांबीइतकं पुढे दुसरी खूण आहे का ते बघ.

टक् होण्याचं कारण बिट रिझर्व्हॉयर, म्हणजे आधीच्या फ्रेममधल्या उरलेल्या जागेत पुढच्या फ्रेमचा मजकूर ठेवायची सोय. फ्रेमचा मजकूर ५११ बाइटांपर्यंत मागे सुरू झालेला असू शकतो. १२८ केबीपीएसला फ्रेमच ४१७-४१८ बाइटांची, त्यामुळे मधूनच सुरू केलंस की पहिल्या फ्रेमचा मजकूर हाती नसतो. आजीने जिथे थांबवलं त्याच्या तीन-चार फ्रेम मागून डीकोड सुरू कर, तेवढ्या वाजवू नकोस.

सीसीएमचं उत्तर एका ओळीचं : ती ६४ किलोबाइट मेमरी डीएमएला, म्हणजे प्रोसेसरच्या मदतीशिवाय मेमरीतून नमुने बाहेर नेणाऱ्या भागाला, दिसतच नाही. बाहेर जाणारा बफर साध्या रॅममध्ये ठेव, सीसीएममध्ये तक्ते आणि फिल्टरचा बफर ठेव. बाहेरचे बफर दोन कर, एक वाजतोय तोवर दुसरा भरायचा. एका स्टीरिओ फ्रेमला ४६०८ बाइट लागतात, दोनांना ९ किलोबाइटच्या आसपास. कार्डावरून एकेक सेक्टर न घेता एका दमात आठ-सोळा सेक्टर वाच.

एवढं झालं की बॅटरीचं निम्मं काम आपोआप होतं. फ्रेम लवकर संपली की उरलेल्या वेळेत प्रोसेसरला डब्ल्यूएफआय ('काम येईपर्यंत थांब') सूचनेने झोपव. मग ८४ मेगाहर्ट्झवर आणून बघ, तिथे फ्लॅशसाठी थांबण्याच्या सायकलही ५ वरून २ होतात. पण त्याआधी मल्टिमीटर लावून अॅम्प्लिफायर किती करंट घेतो ते बघ. चोर तिथे असेल तर प्रोग्राम कितीही घासलास तरी फरक पडायचा नाही. आणि आपल्या उन्हाळ्यात डबा खिडकीत ठेवून चार्ज करू नकोस, लिथियम सेलला ४५ अंशांवर चार्जिंग सोसत नाही.

तयार चिप वाईट नसते. आजीला परवा डबा द्यायचा असता तर मीच म्हटलं असतं, लाव. पण तुझा डीकोडर कॉम्प्युटरवर बरोबर चालतोय, म्हणजे अवघड भाग तू करून बसला आहेस. मोजलेले आकडे मला पाठव.

प्रश्न : कळमना मार्केटमधल्या एका अडत्याला वजन बोलून सांगणारा काटा करून द्यायचा आहे. त्यात कॉर्टेक्स-एम० हा साधा प्रोसेसर आहे, फ्लॅश ६४ किलोबाइट. यात एमपीथ्री बसेल का?

उत्तर : बसवू नका. एम० ला ३२ बिटांच्या गुणाकाराचं ६४ बिटांचं उत्तर एका सूचनेत मिळत नाही, आणि चार शब्द बोलायला एवढा पसारा लागतही नाही. आयएमए एडीपीसीएम ही आवाज दाबायची साधी पद्धत घ्या. दर नमुन्याला ४ बिट, पावलांचा (आवाज किती वर-खाली न्यायचा त्याचा) ८९ आकड्यांचा तक्ता, पाऊल बदलायचा दुसरा १६ चा, आणि बाकी नुसत्या बेरजा आणि शिफ्ट. एका पानात डीकोडर मावतो. प्रत्येक शब्द सुरू करताना आधीचा अंदाज आणि पावलाचा क्रमांक पुन्हा शून्यावर आणा, नाहीतर मागच्या शब्दाचा धक्का पुढच्याला बसेल.

जागेची अडचण आपल्या भाषेमुळे आहे. इंग्रजीत वीस आणि सात जोडून सत्तावीस होतात. मराठीत एक ते शंभर हे शंभर वेगळे शब्द आहेत, शंभरही रेकॉर्ड करावे लागतील. १६ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १६,००० नमुन्यांना, ८००० बाइट, शब्द सरासरी पाऊण सेकंदाचा धरला तर ६०० किलोबाइट. बाहेरून १ मेगाबाइटची एसपीआय फ्लॅश मेमरी चिप लावा.

जागा वाचवायला ८ किलोहर्ट्झवर उतरायचा मोह होईल. उतरू नका. त्यात ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं जातं, आणि 'स'चा बराचसा आवाज तिथेच असतो. सदुसष्ट आणि अडुसष्ट हे दोनच शब्द आधी रेकॉर्ड करा, आणि लिलावाच्या गलक्यात दहा पावलांवर उभ्या हमालाला ऐकवून बघा.