एनएएसवरचा (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावरचा) झेड अक्षराने मॅप केलेला ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण सॉफ्टवेअर तो घेत नाही. काय करावं?

लगेच आयस्कझीच्या (नेटवर्कवरून अख्खी डिस्क जोडण्याच्या पद्धतीच्या) मागे लागू नका. तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र झाल्या आहेत. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला झेड ड्राइव्ह दिसतच नाही. फोटो कॅटलॉगवाल्याला दिसतो, पण ते ‘लोकल ड्राइव्ह निवडा’ म्हणून अडून बसतं. दोन्हींची कारणं निराळी आहेत.

बॅकअपचं आधी, कारण ते सोपं आहे. विंडोजमध्ये मॅप केलेलं अक्षर अख्ख्या संगणकाचं नसतं. ज्या लॉगिन सेशनमध्ये मॅप केलं, तेवढ्यापुरतंच असतं. बॅकअपची सॉफ्टवेअरं बहुधा सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे, वेगळ्या खात्यावर चालतात, त्यांच्या दृष्टीने झेड नावाचं काही अस्तित्वातच नसतं. तेव्हा अक्षर सोडा आणि पूर्ण नेटवर्क पाथ द्या: दोन बॅकस्लॅश, एनएएसचं नाव, मग शेअरचं नाव. सॉफ्टवेअर एनएएसचं युजरनेम-पासवर्ड विचारत असेल तर तिथे भरा. नसेल तर ती सर्व्हिस एनएएसवर परवानगी असलेल्या खात्यावर चालवा. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ केल्यावर ड्राइव्ह गायब होतो, त्याचंही मूळ हेच.

आता कॅटलॉग. काही सॉफ्टवेअरं विंडोजला फक्त ‘हा ड्राइव्ह कुठल्या प्रकारचा?’ एवढंच विचारतात आणि ‘रिमोट’ असं उत्तर आलं की नकार देतात. त्यांना फसवता येतं. सी ड्राइव्हवर एमकेलिंक कमांडने, स्लॅश डी लावून, शेअरकडे जाणारी सिम्बॉलिक लिंक करा, म्हणजे सी ड्राइव्हवरचा फोल्डर वाटणारा पण शेअरकडे नेणारा दुवा. (स्लॅश जे लावून होणारं जंक्शन इथे चालत नाही, ते लोकल ड्राइव्हपुरतंच असतं.) गंमत म्हणजे मग काही प्रोग्रॅम रिकामी जागा सी ड्राइव्हची मोजतात आणि एनएएसवर भरपूर जागा असताना ‘डिस्क भरली’ म्हणतात.

पण कॅटलॉगच्या बाबतीत ही फसवणूक मी करणार नाही. कॅटलॉग म्हणजे डेटाबेस, बऱ्याचदा एसक्यूलाइटचा (एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या छोट्या डेटाबेसचा). एसक्यूलाइटची सगळी भिस्त फाइल लॉकिंगवर, म्हणजे एक लिहीत असताना दुसऱ्याला थांबवण्यावर असते आणि नेटवर्क शेअरवर ते नेहमी भरवशाचं नसतं. त्याचा ‘वॉल’ मोड (बदल आधी वेगळ्या नोंद-फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) तर सामायिक मेमरी वापरतो, म्हणून सगळे प्रोग्रॅम एकाच संगणकावर असावे लागतात. नेटवर्क फाइलसिस्टिमवर तो चालतच नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरचा नकार तुमच्या भल्याचाच असतो. कॅटलॉग आतल्या एसएसडीवर ठेवा, फोटो एनएएसवर. अ‍ॅडोबीच्या लाइटरूम क्लासिक या फोटो सॉफ्टवेअरमध्येही हीच सोय आहे: कॅटलॉग नेटवर्कवर उघडत नाही, फोटो खुशाल तिथे ठेवा. कॅटलॉगची प्रत रोज एनएएसवर जाऊ द्या, म्हणजे झालं.

एवढं करूनही एखादं सॉफ्टवेअर अडलं, तरच आयस्कझी. यात एनएएस फोल्डर न देता कोरी डिस्क देतं. विंडोज ती स्वतः फॉरमॅट करतं आणि सॉफ्टवेअरला ती लोकलच वाटते. ती जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे इनिशिएटर, विंडोजमध्ये आधीपासूनच असतो; पोर्ट 3260. मात्र ती डिस्क एका वेळी एकाच संगणकाला जोडायची. एनटीएफएसला (विंडोजच्या फाइलसिस्टिमला) दुसरा कुणी त्याच डिस्कवर लिहितोय हे कळत नाही, दोघांनी जोडली की फाइलसिस्टिमची वाट लागते. शिवाय त्यातल्या फाइली फोनवर किंवा टीव्हीवर शेअरसारख्या दिसणार नाहीत. वायफायवर हे करूच नका. लिहिता लिहिता कनेक्शन तुटणं म्हणजे चालू डिस्कची केबल उपटणं. गिगाबिट वायरवर सेकंदाला साधारण 110 एमबी मिळतात, फोटोंना ते पुरे.

आणि नवी डिस्क रिकामीच येते. शेअरमधले फोटो आपोआप तिच्यात जाणार नाहीत, कॉपी करावे लागतील. तेव्हा एनएएसवर दोन्हींना पुरेल एवढी जागा आहे का ते आधी बघा.