हेडलाइट नापास : आणखी प्रखर बल्ब घेण्यापूर्वी

‘हेडलाइट अयोग्य’ एवढ्या शेऱ्यावर आपल्या पिकअपचे पासिंग (फिटनेस तपासणी) दोनदा परत आले आणि आता याहून प्रखर एलईडी कोणता बसवावा, असे आपण विचारले आहे. कृपया कोणताच बसवू नका. मी नेमके तेच केले होते आणि त्यापायी माझी गाडी नऊ दिवस दारात उभी राहिली. अर्ज, शुल्क, वेळ घेणे हे आपल्याला ठाऊक असेलच, म्हणून ते सोडतो.

माझ्या गाडीला आठ वर्षे पूर्ण झाल्याने पासिंगची पाळी दोन वर्षांवरून दरवर्षीवर आली होती. तपासणीच्या ठिकाणी (कोठल्या, ते लिहीत नाही) कागदावर ‘लाइट’ हा एकच शब्द लिहून मिळाला. प्रकाश कमी आहे, वर जातो की तिरका पडतो, असे विचारले तेव्हा खिडकीतून ‘गॅरेजवाल्याला कळेल’ एवढेच उत्तर आले. जे यंत्र दोष दाखवते त्याचा आकडा गाडीमालकाला सांगायला काय जाते, हे मला आजही उमगलेले नाही. गॅरेजवाल्याने अंदाजाने प्रकाश कमी ठरवला, एलईडी आणले आणि ते होल्डरमध्ये बसेनात म्हणून खाचेला कानस मारली. खरा पैसा त्या कानशीने खाल्ला.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ चा रोख दिव्याच्या जोरावर नसून प्रकाश खाली वळलेला असण्यावर आहे : समोर ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला तो दिपवता कामा नये. साध्या एच४ हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या प्रकाशाच्या, तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि भिंतीवर उजेड आणि अंधार यांमधली स्वच्छ कड उमटते. त्याच रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातल्यावर माझ्या भिंतीवर नुसता पांढरा फराटा पडला. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर जुने ६०/५५ वॉटचे बल्ब परत लावले, पण कानस मारलेल्या खाचेत डावा बल्ब तिरका बसू लागला आणि तिसरी फेरीही वाया गेली. अखेर एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने बल्ब दोन बोटांत धरून हलवून दाखवला, तेव्हा कारण कळले. ती हेडलाइट पूर्ण बदलावी लागली.

मी मेकॅनिक नाही आणि प्रत्येक मॉडेलचे माप वेगळे असते, तरीही माझ्या मते आधी रिकामी गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी आणि डिपर लावून पाहावा. माझ्या गाडीला ती कड दिव्याच्या मध्याहून १० सेंटिमीटर खाली लागते आणि डावीकडे किंचित चढते. माल भरलेल्या गाडीवर सेटिंग करू देऊ नका. मागचे पाटे दबून नाक वर होते आणि सगळे माप चुकते.

जाता जाता, इंडिकेटरबरोबर मागचा दिवाही मिचमिचत असेल तर बल्ब न बदलता आधी अर्थिंग (दिव्याची तार गाडीच्या सांगाड्याला जोडते ती जागा) घासून घ्या. नंबरप्लेटचा दिवाही पाहा, कारण मागचा क्रमांक १५ मीटरवरून वाचता यावा लागतो. आणि होल्डरला कोणी आधीच कानस मारली आहे का, हे बल्ब काढून आजच तपासून कळवा.