प्रदर्शनात नोकरी ठरली, परमिट नंतर: नैरोबीला यायचं का?

तू मला ताई म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझं म्हणणं आधी नीट मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर कळेल. नोव्हेंबरात तू पुण्याच्या कंपनीबरोबर इथल्या बांधकाम प्रदर्शनाला आलास. सरित एक्स्पो सेंटरमध्ये तीन दिवस पत्र्यांच्या आणि शेडच्या स्टॉलवर उभा राहिलास. अडुसष्ट कार्डं जमली. तिसऱ्या दिवशी एका बिल्डरने चहा पाजून सांगितलं, 'प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून ये, परमिटचं आल्यावर बघू.' ते ऐकून तुझी कंपनी म्हणते, नाहीतरी जातोच आहेस तर आमचा मालही तिथे खपव. वय छत्तीस, बायको शाळेत शिकवते, मुलगी दुसरीत. घर भाड्याने देऊन सगळे निघू का, असं विचारतोस.

नको निघूस. निदान 'आल्यावर बघू' या दोन शब्दांवर तरी नको.

मी २००९ साली कराडहून आले ती अशाच शब्दावर. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही साधणारही नाही. व्हिजिटर पासवर आले आणि दुसऱ्या दिवसापासून साइटचे बिलांचे कागद तपासायला बसले. पासपोर्ट 'परमिटसाठी लागतो' म्हणून ऑफिसच्या कपाटात गेला. पाचव्या महिन्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलं. पासपोर्ट मागितला तर आज देतो, उद्या देतो, साहेब मोंबासाला गेलेत. हातात पडला तेव्हा लग्नाला दोन दिवस उलटून गेले होते. अर्ज तर भरलेलाच नव्हता. तक्रार कुणाकडे करणार? व्हिजिटर पासवर काम करणं हा इथे गुन्हा आहे, आणि तो माझ्याही नावावर लागला असता. असा माणूस मालकाला फार स्वस्त पडतो, हे मला तेव्हा उमगलं.

म्हणून आधी कागद. नोकरीसाठी इथे क्लास डी परमिट लागतं आणि त्याचा अर्ज मालकाने करायचा असतो. हे काम स्थानिक माणूस का करू शकत नाही, हे त्याला पटवून द्यावं लागतं. शिवाय तुझ्या हाताखाली शिकून पुढे तुझी जागा घेणाऱ्या केनियन माणसाचं नाव अर्जात द्यावं लागतं. त्याला इथे अंडरस्टडी म्हणतात. त्या बिल्डरला एवढंच विचार: 'माझा अंडरस्टडी कोण?' खरोखर नेमणारा माणूस चटकन उत्तर देईल. दुसरं, इंजिनिअर्स बोर्ड ऑफ केनियाकडे नोंदणी झाल्याशिवाय तुला इंजिनिअर म्हणून सही करता येणार नाही, तिकडची पदवी कितीही चांगली असली तरी. परदेशी माणसाला तात्पुरती नोंदणी मिळते, तिचा खर्च आणि खटपट कोण करणार, हे पत्रात लिहून घे.

पगाराचा आकडा तू शिलिंगमध्ये सांगितलास आणि त्याचे रुपये केलेस. तो हिशेब पुन्हा कर. वरच्या टप्प्याला आयकर ३५ टक्क्यांपर्यंत जातो. आरोग्य निधीचे २.७५ टक्के आणि घरबांधणी लेव्हीचे १.५ टक्के कापले जातात, भविष्य निर्वाहाची कपात वेगळी. हातात किती, ते विचार. आणि चलन कुठलं तेही. २०२४च्या जानेवारीत डॉलरला १६० शिलिंग मोजले, काही महिन्यांत तोच भाव १३०च्या आसपास आला. घरी पैसे पाठवणाऱ्याच्या छातीत अशा वेळी धडधडतं.

बरं, ती घरबांधणीची लेव्ही नुसती कपात समजू नकोस. सरकारची परवडणाऱ्या घरांची योजना त्याच पैशावर चालते. काम आहे, नाही असं मी म्हणत नाही. तू विमानतळावरून वेस्टलँड्सला आलास तो २७ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे २०२२चा. मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे २०१७ची. पण मोठ्या कामांत चिनी कंपन्या घट्ट पाय रोवून आहेत, मधल्या कामांत इथलेच गुजराती आणि शीख ठेकेदार, ज्यांच्या तीन-चार पिढ्या इथे गेल्या. तुला बोलावणारा बहुधा यातल्या मधल्या फळीतला. त्याच्या चालू साइट किती, ठेकेदारांची नोंदणी करणाऱ्या नॅशनल कन्स्ट्रक्शन अथॉरिटीकडे त्याचा वर्ग कुठला, ते बघ. वर्ग एक ते आठ असतात, एक सगळ्यात वरचा. आठव्या वर्गातल्याला प्रोजेक्ट मॅनेजर कशाला लागतोय?

आता कंपनीचा माल. इथे मला जरा जास्त बोलू दे, कारण गेली अकरा वर्षं मी एका बांधकाम कंपनीची खरेदी बघते आणि ही प्रदर्शनं काउंटरच्या दुसऱ्या बाजूने पाहिली आहेत, केआयसीसी या परिषद केंद्रातलं बिल्डएक्स्पो काय किंवा सरितमधलं काय.

अडुसष्ट कार्डांनी हुरळू नकोस. ती टेबलावर मांड आणि गठ्ठे कर. एक गठ्ठा तुलाच काहीतरी विकायला आलेल्यांचा: क्लिअरिंग एजंट, गोदामवाले, वेबसाइट करून देणारे. एक कॉलेजच्या पोरांचा, ती तिसऱ्या दिवशी दुपारी कापडी पिशव्या गोळा करत फिरतात. एक 'सोल एजन्सी द्या', म्हणजे विक्रीचा हक्क आम्हालाच द्या, म्हणणाऱ्यांचा, ज्यांना एक पत्राही विकत घ्यायचा नसतो. उरतील पाच-सहा. प्रदर्शन संपल्यावर तीन आठवड्यांनी त्यांना फोन लाव. उचलतील तेवढी तुझी खरी कमाई.

मागच्या एका प्रदर्शनात थिकाकडचा एक हार्डवेअरवाला एका भारतीय स्टॉलवर आला. पत्र्याचा कोपरा अंगठ्याने दाबून त्याने विचारलं, 'गेज थर्टी?' स्टॉलवरचा पोरगा मिलिमीटर सांगत राहिला. तो पुन्हा म्हणाला, गेज? पोराने लेपाचे ग्रॅम सांगितले. तो माणूस 'सावा', म्हणजे बरं, म्हणाला आणि पुढच्या तुर्की स्टॉलकडे वळला. इथे पत्रा म्हणजे मबाती, आणि मबाती गेजवर विकला जातो: तीस, अठ्ठावीस. आकडा वाढला की पत्रा पातळ. तुमच्या छापील पुस्तिकेत गेजचा रकाना होता का?

आणि खरं सांगू, तयार पत्रा आणूच नका. रोल फॉर्मिंग करणारे कारखाने इथेच आहेत, कॉइल, म्हणजे सपाट पत्र्याची गुंडाळी, आणून रंगवतात आणि पन्हळ पाडतात. पूर्व आफ्रिकी देशांच्या सामाईक जकातीत जुलै २०२२पासून ३५ टक्क्यांचा वरचा पट्टा आला, त्यात लोखंड-पोलादाच्या वस्तू आहेत. त्यावर १६ टक्के व्हॅट, आयातीचे आणि रेल्वेचे वेगळे आकार. मोंबासाला उतरेपर्यंत तुमचा पत्रा इथल्या पत्र्यापेक्षा महाग झालेला असतो. तुमच्या कंपनीकडे पन्हळ पाडायची यंत्रं आहेत म्हणालास ना? ती विका. यंत्रांवर जकात नगण्य, आणि यंत्र बिघडल्यावर दोन दिवसांत येणारा माणूस चिनी विक्रेत्याकडे क्वचित असतो. ती जागा तुझी. काहीही पाठवलंत तरी निघण्याआधी केनिया ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या नियमाप्रमाणे तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. त्याच्याविना कंटेनर बंदरात अडकतो आणि भाडं दिवसागणिक चढतं.

पण विकणार कोण? क्लास डीवर नोकरी एकाकडे आणि विक्री दुसऱ्यासाठी, हे चालत नाही. स्वतःचा धंदा म्हणून क्लास जी घ्यायचं तर एक लाख डॉलर भांडवल दाखवावं लागतं. तेव्हा कंपनीला सांग, इथला वितरक नेमा. उधारी मात्र पारखून. इथे पुढच्या तारखेचे चेक सर्रास चालतात, आणि त्यातले सगळे वटत नाहीत.

साइटवर तुला फार परकं वाटणार नाही. नैरोबीच्या दक्षिण आणि पूर्व भागात आपल्यासारखीच काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात फुगणारी. पाया घ्यायचा तर ती काढून खाली जावं लागतं. भरावाला जे टाकतात त्याला हे लोक 'मरम' म्हणतात, म्हणजे आपला मुरूमच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला साइटवर उभ्या उभ्या रडू फुटलं होतं, आता हसू येतं. रंगाला रांगी, लाखाला लाकी. भिंती विटांच्या नाहीत, यंत्राने कापलेल्या दगडाच्या. बारा मिलिमीटरचा बार सांगताना वाय ट्वेल्व्ह म्हणतात. मिस्त्री म्हणजे फुंडी, आणि फुंडीशी 'हबारी', म्हणजे रामराम, केल्याशिवाय कामाचं बोललास तर तो मनातून उतरवतो. आपले काही लोक साइटवर जसे ओरडतात, ते शिकू नकोस.

एक फसगत आत्ताच सांगून ठेवते. स्वाहिली घड्याळ सकाळी सहापासून मोजतात. 'सा म्बिली' म्हणजे शब्दशः दोन, पण वेळ सकाळची आठ. माझ्या पहिल्या स्लॅबला मी गडी 'सा न्ने'ला बोलावले, म्हणजे माझ्या मते चारला. ते सकाळी दहाला येऊन बसले, खडी पोचली साडेतीनला, आणि त्यांची दिवसभराची मजुरी माझ्या नावावर पडली.

घरच्यांचं थोडक्यात. बायको डिपेंडंट पासवर येईल, पण त्यावर तिला नोकरी करता येत नाही, तिचं परमिट वेगळं. हे तिला आधी सांग, इथे आल्यावर नको. मुलीच्या शाळेची फी टर्मवर असते आणि भारी असते, ती पगाराबाहेर मागून घे. घर बघताना बोअर आहे का विचार, नाहीतर 'क्लीन सॉफ्ट वॉटर' लिहिलेल्या निळ्या टँकरची वाट बघत बसशील. हवा सुरेख, पंखा लागत नाही. जून २०२४मध्ये करांवरून मोर्चे निघाले तेव्हा आम्ही काही दिवस घरूनच काम केलं, तशी तयारी ठेवावी लागते. गणपतीला मराठी माणसं जमतात, मोदकांचा नारळ खवायला हात कमी पडत नाहीत.

माझं ऐकशील तर फेब्रुवारीत रजा काढून एकटा ये, दहा दिवस. आता व्हिसा नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, काढायचं. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घे आणि पिवळं कार्ड पासपोर्टाबरोबर ठेव, नाहीतर परत जाताना मुंबईत सहा दिवस विलगीकरणात ठेवतील. त्या बिल्डरची साइट त्याला न सांगता बघून येऊ. मंगळवारी सकाळी तुला इंडस्ट्रियल एरियात एंटरप्राइज रोडला नेते, तिथे माझ्या ओळखीच्या हार्डवेअरच्या काउंटरवर दोन तास नुसता उभा राहा. कोण काय मागतं आणि रोख कोण देतं, ते ऐक.

येताना मेतकूट आण. फक्त प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत घालू नकोस, इथे २०१७पासून बंदी आहे.