एपॉक्सीत नॅनो पावडर मिसळली तर ११ केव्हीचं इन्सुलेशन खरंच सुधारतं का?

तुम्ही निपाणीत ११ केव्हीचे सी.टी.-पी.टी. (करंट आणि व्होल्टेज मोजण्याइतपत खाली आणणारे ट्रान्सफॉर्मर) एपॉक्सीत, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या रेझिनमध्ये, कास्ट करता आणि पावडर विकणारा म्हणतो की नॅनो सिलिका (वाळूच्याच पदार्थाची अतिसूक्ष्म पावडर) घातली की इन्सुलेशनची ताकद दुप्पट होते. मागवावी का, असा तुमचा प्रश्न. मी बेळगावात उद्यमबागेत याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुप्पट हा आकडा डोक्यातून काढा. तेलात नमुना ठेवून व्होल्टेज चढवत नेलं आणि कितीला फुटतो ते पाहिलं, तर साध्या आणि नॅनो एपॉक्सीत फरक बेताचाच पडतो. मिश्रण नीट झालं नसेल तर नॅनोवालाच आधी फुटतो. खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. रोजच्या व्होल्टेजला वर्षानुवर्षं पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनच्या आत होणाऱ्या बारीक ठिणग्या) सोसण्यात नॅनो एपॉक्सी साध्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरतं.

असं का, ते कणाच्या आकारात आहे. १२ नॅनोमीटरच्या सिलिकाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ साधारण २०० चौरस मीटर, म्हणजे आपल्याकडचा दोन गुंठ्यांचा प्लॉट. तीच सिलिका १२ मायक्रॉनची असेल तर हजारपट कमी. या पृष्ठभागाला लागून असलेला एपॉक्सीचा पातळ थर बाकीच्या एपॉक्सीसारखा वागत नाही, तिथल्या रेणूंच्या साखळ्या जखडल्या जातात. वजनाने ५ टक्के पावडर घातली आणि ती नीट पसरली, तर दोन कणांत जेमतेम २०-२५ नॅनोमीटर अंतर राहतं. म्हणजे जवळजवळ सगळा माल अशा थरांनीच व्यापलेला. डिस्चार्ज एपॉक्सी खात पुढे सरकतो तेव्हा दर पावलाला त्याला कण आडवा येतो. वरचं एपॉक्सी झिजलं की उघडी पडलेली सिलिका खालच्याला झाकते. ट्रीइंगही, म्हणजे इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारखे फुटत जाणारे मार्गही, त्यामुळे रेंगाळतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ टी. जे. लुईस यांनी १९९४ मध्ये अशा नॅनो आकाराच्या डायलेक्ट्रिकची (इन्सुलेट करणाऱ्या पदार्थाची) कल्पना मांडली, तेव्हाही त्यांचा भर कण आणि भोवतालचा पदार्थ यांच्यातल्या या सीमेवरच होता.

आता दुसरी बाजू, आणि आपल्या भागात हीच जास्त महत्त्वाची. या सिलिकाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचे) गट असतात आणि ते हवेतलं पाणी धरून ठेवतात. पृष्ठफळ जितकं मोठं, तितकं पाणी जास्त. खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, बेळगावातही जुलैत हवा ओलीच असते. अशा दिवशी पिशवी उघडी राहिली तर पावडर हाताला कोरडी लागते, पण कास्ट केलेल्या नमुन्याचा टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) चढतो आणि मेगरचं (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचं) रीडिंग उतरतं. म्हणून पावडर सिलेन (पाणी दूर ठेवणारं, रेझिनशी जोडणारं रसायन) लावलेलीच घ्या, १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तासन्‌तास वाळवा आणि गरम असतानाच रेझिनमध्ये टाका. हाताळताना चांगला मास्क लावा, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

मिसळणं त्याहून अवघड. साध्या स्टररने ढवळलं तर कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. वरून माल एकजीव दिसतो, पण तुकडा तोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढरे ठिपके दिसतात. असा गोळा म्हणजे नॅनोचे पैसे देऊन घेतलेला मायक्रॉनचा कण. ते टाळायला हाय शिअर मिक्सर, म्हणजे जोरात घासून गोळे फोडणारा मिक्सर, लागतो. शिवाय ही सिलिका रेझिन इतकं घट्ट करते की व्हॅक्यूममध्ये बुडबुडे वर यायलाच तयार नसतात. आणि बुडबुडा राहिला तर सगळंच वाया. एपॉक्सीची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्रात हवेच्या तुलनेत किती चार्ज धरतं याचं माप) ४ धरली तर गोल पोकळीत विद्युतक्षेत्र सुमारे १.३ पट होतं, चपट्या पोकळीत थेट ४ पटींपर्यंत जातं. हवा तर ३ केव्ही प्रति मिलिमीटरच्या आसपासच फुटते. म्हणजे ज्या डिस्चार्जसाठी नॅनो आणलं, तो आपणच आत कोंडून ठेवायचा.

तुमच्या मालात आत्ताच वजनाने ६० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्‌झ पावडर असेल. ती काढू नका. आकसणं, तडे, उष्णता वाहून नेणं हे सगळं तीच सांभाळते आणि २-३ टक्के नॅनो तिची जागा घेऊ शकत नाही. घालायचंच तर तिच्या जोडीला घाला. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरींच्या एनॅमल वायरीत किंवा डीसी केबलमध्ये नॅनोचा खर्च वसूल होतो. तिथे अनुक्रमे झपाट्याने चढणाऱ्या पल्सचा आणि इन्सुलेशनमध्ये साठणाऱ्या स्पेस चार्जचा (अडकून राहिलेल्या विद्युतभाराचा) प्रश्न असतो. ११ केव्हीच्या सी.टी.ला तसा मार नसतो.

माझं मत विचाराल तर तो पैसा आधी व्हॅक्यूम पंपात आणि मोल्ड तापवण्यात घाला. मग १२ केव्ही क्लासच्या (११ केव्हीचा माल याच क्लासात येतो) पी.टी.वर सुमारे ८.३ केव्हीला पार्शल डिस्चार्ज मोजून घ्या. घन इन्सुलेशनला तिथे २० पिकोकूलोमची (डिस्चार्जमधल्या विद्युतभाराचं एकक) मर्यादा आहे. बेंगळुरूला सीपीआरआयमध्ये (केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेत) चाचणीची सोय आहे. तुमचा सध्याचा माल त्यात आरामात बसत असेल तर नॅनो मागवू नका. बसत नसेल तर दोष बहुधा पोकळ्यांचा असणार, आणि पावडर घालून पोकळी बुजत नाही.