आधी पोट, मग पॉट

"मावशी, मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. जूनमध्ये नर्सरीत घालायचाय आणि शाळेनं आत्ताच सांगितलंय, डायपर चालणार नाही. शू कधी सांगतो, कधी चड्डीत होते. पण शी पॉटवर करतच नाही. बसवलं की अंग ताठ करतो, रडून घर डोक्यावर घेतो. डायपर घातला की पडद्यामागं जाऊन उभ्या उभ्या करतो. डायपर नाही दिला तर दोन-तीन दिवस होतच नाही, आणि मग करताना किंचाळतो. आमचं घर शुक्रवार पेठेतलं, जुनं. संडास मागं परड्यात, तिकडं तर तो पाऊलही टाकत नाही. मी नोकरी करते, दिवसभर तो सासूबाईंजवळ असतो. त्या म्हणतात, 'आमची पोरं वर्षाच्या आत बसत होती, तुम्हीच डायपर लावून लाडावलं.' नवरा शिरोलीला फौंड्रीत, शिफ्टमध्ये. तो म्हणतो, 'व्हतंय की, कशाला गडबड?' पोराचं जेवण फारसं नाही, पण दूध भरपूर. सासरे रोज सकाळी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर नेतात, रात्री झोपताना बाटली लागते, त्यामुळं तब्येतीची काळजी नाही. गेल्या रविवारी त्यानं चटईवर केली आणि मी फटका दिला. मग दोघंही रडलो. मी आई म्हणून कमी पडतेय का?"
– एक आई, कोल्हापूर

अगं, शाळा, सासूबाई, नवरा, फटका, सगळं सविस्तर लिहिलंस आणि खरी गोष्ट जाता जाता एका ओळीत उरकलीस. जेवण फारसं नाही, दूध भरपूर. वर 'तब्येतीची काळजी नाही' अशी पुस्तीही जोडलीस. मला काळजी वाटली ती तिथंच.

पोराला शी करायची भीती बसली आहे आणि ती भीती खरी आहे, कारण त्याला दुखतंय. कधीतरी खडा झाला असेल, करताना कळ लागली असेल, बारीक चीरही पडली असेल. तेव्हापासून त्यानं ठरवून टाकलं की आता करायचीच नाही. शी आली की मुलं कुल्ले आवळतात, पाय ताठ करतात, चवड्यांवर उभी राहतात, पडद्याला धरून लाल होतात. बघणाऱ्याला वाटतं जोर करतंय. पुष्कळदा ते अडवत असतं. अडवलेली शी आत पडून राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं आणि दोन-तीन दिवसांनी ती आणखी जाड, आणखी कडक होऊन बाहेर येते. म्हणजे पुन्हा दुखणार आणि पुन्हा तो अडवणार.

हे महिनोन्‌महिने चाललं तर आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि शी आलेली मुलाला नीट समजेनाशीच होते. मग आतल्या कडक गोळ्याच्या कडेनं पातळ शी झिरपून चड्डी खराब होते, आणि घरात बोभाटा होतो की पोराला जुलाब लागले. अशात कुणी जुलाब थांबवायचं औषध पाजलं तर विचारूच नकोस. आणखी एक. भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावर दाब देतं. तुझा मुलगा शू कधी सांगतो आणि कधी चड्डीत करतो, त्यात याचाही वाटा असू शकतो. म्हणून सध्या शूच्या मागं लागू नकोस.

आता कट्ट्याकडं येते. गंगावेशच्या दुधाला बोट लावायचं म्हणजे कोल्हापुरात बसून तांबड्या रश्श्याला नावं ठेवल्यासारखं आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात द्यायचा, तो नातवानं मिशा पांढऱ्या करत संपवायचा, यात आजोबांना किती आनंद असेल! पण एवढ्याशा पोटाला दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरे होतं. त्याच्यावर गेलं की पोट दुधानंच भरतं, भाकरी-भाजीला जागा उरत नाही, चोथा पोटात जात नाही आणि शी घट्ट होते. दुधात लोह नावालाच असतं. त्यामुळं नुसत्या दुधावर वाढलेली गुटगुटीत पोरंसुद्धा रक्त कमी असलेली, फिकट आणि किरकिरी निघतात. डॉक्टरांकडं जाशील तेव्हा हिमोग्लोबिनचंही विचार.

दुसरं म्हणजे धारोष्ण दूध तापवलेलं नसतं. त्यातून पोटाचे संसर्ग, ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार, क्वचित क्षयसुद्धा होऊ शकतो, आणि लहान मुलांना धोका जास्त. म्हणून सकाळची फेरी चालू दे, पेला मात्र बंद. दोघांनी म्हशी बघाव्यात, गप्पा माराव्यात, दूध किटलीत घालून घरी आणावं. उकळून सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला, झालं. रात्रीची बाटली तर या वयात नकोच, दात किडतात ते वेगळंच. सासऱ्यांना हे तू सांगायला जाऊ नकोस. नवऱ्यानं सांगू दे. 'व्हतंय की' म्हणणाऱ्यानं एवढं तरी करावं.

दूध कमी झालं की दोन-चार दिवस तो चिडचिड करेल आणि मग भूक लागेल. ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून, मुगाची डाळ, पालेभाजी, पिकलेली पपई, रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी कुस्करून पाण्यासकट. उन्हाचे दिवस आहेत, दर थोड्या वेळानं पाणी पाज. खारी, बिस्किटं आणि पाव घरात आणूच नकोस. घरात असले की आजी देणार, आणि आजीला तरी काय बोलायचं?

तरीही इतक्या दिवसांचं साठलेलं नुसत्या पपईनं सुटेल असं धरून बसू नकोस. बालरोगतज्ज्ञांना दाखव. शी मऊ ठेवणारं औषध ते देतात, लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. डोस वजनावर ठरतो आणि औषध काही आठवडे, कधी काही महिने चालतं. चार दिवस बरं गेलं की आपली माणसं बाटली कपाटात टाकतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू होतं. घरात म्हणतील, औषधाची सवय लागेल. ही औषधं आतड्यात पाणी धरून शी मऊ ठेवतात. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणं दिली तर आतडं आळशी होत नाही. सासूबाई कदाचित साबणाची वडी नाहीतर तेल लावलेला पानाचा देठ सुचवतील, मायेनंच सुचवतील, पण ते करू देऊ नकोस. जिथं दुखतंय तिथंच आणखी कुणी काही घातलं की भीती दुप्पट होते, आणि इजा होते ती वेगळी. शीतून रक्त, फुगलेलं पोट, उलट्या, वजन न वाढणं किंवा शू करताना रडणं यातलं काही असेल तर आठवडाभर वाट बघू नकोस, लगेच जा. जन्मल्यापासूनच त्याला शीचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

तोवर पॉट बाजूला ठेव. शीसाठी डायपर मागितला की काहीही न बोलता दे. जून समोर दिसत असताना हे तुला उलटं वाटणार, ठाऊक आहे. पण दुखणं चालू असताना शिकवलेलं टिकत नाही, आणि डायपर हिसकावला की तो तीन दिवस अडवून धरतो, हे तूच लिहिलंयस.

दोनेक आठवडे शी मऊ आणि रोज किंवा एक दिवसाआड व्हायला लागली की मग सुरुवात कर. पहिल्यांदा डायपर घालूनच करू दे, फक्त पडद्यामागं नको, न्हाणीत. ते अंगवळणी पडलं की डायपर घालून पॉटवर बसून. मग डायपर सैल करून. काहीजणी तर शेवटी डायपरला खालून भोक पाडतात, शी पॉटात पडते आणि पोरगं आपलं डायपर आहे म्हणून निर्धास्त असतं. हसू येतं ऐकून, पण चालतं. एका पायरीवर तो घाबरला तर आधीच्या पायरीवर परत ये, त्यात काही बिघडत नाही.

परड्यातल्या संडासाची सक्ती नको. मोठ्यांच्या मापाची बैठक, मधे काळं भोक, अंधार, वर एखादी पाल. आपणही लहानपणी कुणाला तरी दारात उभं करूनच जात होतो की! न्हाणीत ठेवायला बुटका पॉट घे, ज्यावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या जरा वर येतील. पाय लोंबकळत असले तर जोर लागत नाही. कमोडवर ठेवायची रिंग घेतलीस तर पायाखाली पाट हवाच. शू सुद्धा सध्या बसूनच करू दे, उभ्यानं नंतर. पॉटातली शी संडासात टाकायला दिवसाउजेडी त्याला सोबत ने, पाणी त्याच्याच हातानं ओतू दे. संडासाशी ओळख अशीच होईल.

वेळ जेवणानंतरची धर. पोटात अन्न पडलं की आतडं हलायला लागतं. न्याहारीनंतर १५-२० मिनिटांनी बसव, पाच मिनिटं पुरेत. झाली तर छान म्हण, नाही झाली तर उठव. चॉकलेटचा सौदा मला आवडत नाही, हातात मोबाईल तर त्याहून नाही. पोटात काय होतंय तिकडं त्याचं लक्ष हवं.

आता सासूबाई. त्या खोटं बोलत नाहीयेत. पूर्वी घरोघरी तान्ह्या बाळाला दोन पायांवर बसवून शू-शी करवून घ्यायचे. पण वर्षाचं बाळ स्वतःहून काही सांगत नव्हतं. त्याचं तोंड लाल झालेलं, डोळे एका जागी लागलेले ओळखून उचलणारी बाई दिवसभर घरात होती, आणि ओल्या लंगोटांचा ढीग धुणारीही तीच. स्वतःला कळणं, थोडा वेळ थोपवणं, सांगणं, चड्डी खाली करणं हे सगळं जुळून यायला बहुतेक मुलांना दीड ते तीन वर्षं लागतात, काहींना थोडं जास्त. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ११७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आईबापांनी घाई न करता मुलाची तयारी बघून शिकवलं, तेव्हा दिवसा कोरडं राहायला मुलांना सरासरी २८ महिन्यांच्या आसपास वय लागलं. ही सरासरी आहे. तुझा मुलगा तिच्या थोडा पुढं गेलाय, तेवढंच.

तरी सासूबाईंजवळ एक गोष्ट आहे जी ऑफिसात बसलेल्या तुझ्याजवळ असू शकत नाही, ती म्हणजे नजर. "आई, त्याला नेमकी कुठल्या वेळी येते, तुम्हीच सांगा," असं विचारून बघ. दोन दिवसांत त्या अचूक वेळ सांगतील. एकदा हे काम त्यांचं झालं की टोमणेही कमी होतील. दिवसभराचं शिकवणं त्यांच्याच हातून होणार आहे, त्यामुळं नियम दोघींचा एक हवा. संध्याकाळी येऊन तू बदलू नकोस. आणि "ई, घाण!" म्हणून नाक मुरडणं घरात सगळ्यांनीच सोडायचं. पोरं पडद्यामागं जाऊन लपतात ती काही अंशी त्यामुळंही.

फटक्याबद्दल. एका फटक्यानं मूल बिघडत नाही, पण शी केली की मार बसतो ही गाठ त्याच्या मनात पडायला नको. त्याला जवळ घेऊन सांग, "मी चिडले होते, मारायला नको होतं." पावणेतीन वर्षांच्या पोराला एवढं कळतं. तू कमी पडत नाहीयेस. पोराची कळ तुमच्या घरात कुणाच्याच लक्षात आली नव्हती, आणि असं बऱ्याच घरांत होतं.

शाळेत जाऊन बाईंना भेट. दोन-तीन तासांच्या शाळेत मुख्य प्रश्न शूचाच असतो, न्याहारीनंतरची शी घरी उरकून जाता येते. मुलांना संडासला कोण नेतं, किती वेळानं नेतं, त्यानं कुणाला आणि कसं सांगायचं, हे विचारून घे. घरी जो शब्द वापरता तो बाईंनाही सांगून ठेव. चड्ड्या इलॅस्टिकच्याच, बटणाच्या जीन्स नकोत. त्या जास्तीच्याच घे, पाऊस एकदा लागला की कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत. सगळं करूनही जूनपर्यंत जमलं नाही तर महिनाभर उशिरा पाठवता येईल का, तेही आत्ताच विचार. आणि रात्रीचा डायपर एवढ्यात काढू नकोस. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं हा आजार धरत नाहीत, शिवाय तो भाग शिकवून येत नाही, वयानं येतो.

डॉक्टरांची वेळ मात्र नवऱ्याची शिफ्ट बघूनच घे. आत तोही बसू दे आणि सगळं स्वतःच्या कानांनी ऐकू दे, म्हणजे कट्ट्याच्या दुधाचा विषय घरी काढायला त्याला डॉक्टरांचं नाव सांगता येईल.