लॅबची भूक, नाव आणि केस

प्रश्न: ताई, आमचा लॅब, म्हणजे लॅब्राडॉर कुत्रा, साडेतीन वर्षांचा आहे, मेल, वजन ४१ किलो. डॉक्टर म्हणतात खाणं कमी करा. पण जेवून दोन मिनिटं होत नाहीत तोच रिकामं भांडं तोंडात धरून आईसमोर येऊन बसतो आणि असा काही बघतो की आई विरघळते. खरंच उपाशी राहतोय का तो?

उत्तर: उपाशी नाही, पण नाटकही नाहीये ते, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे हे आईला पटवणं सगळ्यात अवघड. साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भूक आवरणाऱ्या पीओएमसी नावाच्या जीनचा एक बारीकसा तुकडा गायब असतो, केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे शोधलं. मग २०२४ मध्ये त्यांनी गंमत केली, कुत्र्यांना कंटाळा येईपर्यंत नाश्ता दिला, तेव्हा जीन बिघडलेले आणि न बिघडलेले सारखंच खाऊन थांबले. पण दुसऱ्या एका दिवशी ठरावीक नाश्ता देऊन तीन तासांनी पारदर्शक डब्यात सॉसेज बंद करून समोर ठेवलं तर बिघडलेला जीनवाले त्या डब्याला जास्त वेळ भिडले. म्हणजे पोट भरतं, फक्त दोन जेवणांच्या मधे भूक लवकर डोकं वर काढते. वर आणि ही मंडळी आराम करताना साधारण २५ टक्के कमी एनर्जी जाळतात, म्हणजे दुहेरी मार. तुमच्याकडे तसंच आहे की नाही हे टेस्ट केल्याशिवाय कळणार नाही, पण उपाय तसाही तोच.

खाणं कपाने नाही, वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. डॉक्टरांनी ठरवलेलं दिवसाचं खाणं सकाळीच एका डब्यात काढून ठेवा आणि बिस्किट, ट्रेनिंगचे तुकडे, आईचे लाड सगळं त्याच डब्यातून, डबा संपला की दिवस संपला. दोनाऐवजी तीन-चार वेळा द्या, भांड्याऐवजी पझल फीडरमध्ये (खाणं खटपट करून काढावं लागतं असं खेळणं) द्या, पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं. आणि एकदा थायरॉईडची ब्लड टेस्ट करून घ्या. काट्यावर रोज नेऊ नका, बरगड्यांवरून हात फिरवा: आपल्या हाताच्या पाठीवरून बोटं फिरवताना हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत, तळहातासारख्या गुबगुबीत लागल्या तर अजून वजन उतरायचंय. मेल लॅब साधारण २९ ते ३६ किलोमध्ये असतो, त्यामुळे तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. आईला एवढंच सांगा की ४८ लॅबवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात जोडीला ठेवलेल्या सख्ख्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. (माझ्या पहिल्या लॅबने साबणाची अख्खी वडी खाल्ली होती आणि मग तोंडातून फेस काढत शेपटी हलवत बसला होता, तेव्हा त्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही.) द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा आणि झायलिटॉलवालं (साखरेऐवजी घालतात ते) च्युइंग गम मात्र त्याच्या पोचेपलीकडे ठेवा, हे विष आहे.

प्रश्न: लॅब्राडॉर लॅब्राडॉरचाच ना? आणि काळा शांत, पिवळा मस्तीखोर असतो का?

उत्तर: नाव फसवं आहे. याचे पूर्वज कॅनडातल्या लॅब्राडॉर भागाचे नाहीत, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे, सेंट जॉन्स डॉग, गार पाण्यात उडी मारून मच्छीमारांच्या जाळ्यांचे दोर आणि गळाला चुकलेले मासे आणून द्यायचे. मासळीच्या बोटींबरोबर ते इंग्लंडच्या पूल बंदरात उतरले, तिथल्या मामझ्बरीच्या अर्लने (सरदाराने) ते पाळले, पुढे १८८० च्या दशकात त्यांच्याकडची कुत्री बक्ल्यूच्या ड्यूककडे गेली आणि आजचा लॅब त्याच वंशातला. ब्रिटिश केनेल क्लबने १९०३ मध्ये मान्यता दिली. मूळ सेंट जॉन्स डॉग मात्र आता उरलाच नाही.

म्हणून तुमची चप्पल तोंडात घेऊन तो आनंदाने दारात येतो ना, तो खोडकरपणा नाही, त्याची नोकरी आहे. आणि पाहुण्याला भुंकण्यापेक्षा खेळणं दाखवायला धावेल, राखणीसाठी घेणार असाल तर नका घेऊ. रंगाचं म्हणाल तर एकाच वेताला काळं, पिवळं, चॉकलेट तिन्ही पिल्लं होऊ शकतात, स्वभाव रंगावर ठरत नाही, वळण लावणाऱ्यावर ठरतो.

प्रश्न: केस फार गळतात, उन्हाळ्यात भादरून टाकू का?

उत्तर: अजिबात नको! लॅबचा कोट दुहेरी असतो, वरचा राठ आणि आतला दाट मऊ, तो उन्हापासूनही वाचवतो. आठवड्यातून दोनतीनदा ब्रश करा, सीझन बदलताना रोज. पोहून किंवा अंघोळ करून आला की कान नीट कोरडे करा, लोंबत्या कानात ओल राहिली की इन्फेक्शन आलंच. डोकं सारखं झटकत असेल किंवा कानाला वास येत असेल तर घरगुती तेल घालत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.