मलेशियातले चिनी पुढे आणि मलय मागे, असं का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या लेखात मलेशियातल्या सरकारी सर्व्हेचे तीन आकडे दिले होते. 2019 मध्ये तिथल्या चिनी कुटुंबांचं महिन्याचं मीडियन उत्पन्न (म्हणजे सगळी घरं गरीब ते श्रीमंत अशी ओळीने लावली तर बरोबर मधल्या घराचं उत्पन्न) 7,391 रिंगिट होतं, भारतीय वंशाच्या कुटुंबांचं 5,981 आणि भूमिपुत्र म्हणजे मलय आणि इतर मूळच्या जमातींचं 5,420. यावर भरपूर मेल आले आणि बहुतेकांचा सूर एकच, की काही समाज मुळातच पुढे जाणारे असतात आणि काही नसतात. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगावं म्हणून यावेळचा सगळा कॉलम याच विषयावर.

प्रश्न : चिनी लोकांच्या रक्तातच धंदा असतो असं आमच्या घरात सगळे म्हणतात. कुठल्याही देशात टाका, दहा वर्षांत दुकान उभं करतात. मग हे अनुवंशिक नाही तर काय? (नाशिक)

आधी हे बघूया की मलेशियात गेलेले चिनी होते कोण. एकोणिसाव्या शतकात पेराक राज्यातल्या लारुत आणि किंता खोऱ्यात कथलाच्या खाणी निघाल्या आणि फूच्येन, क्वांगतुंग या दक्षिण चीनमधल्या प्रांतांतून कर्जबाजारी, भुकेले शेतकरी जहाजात भरभरून आणले गेले. व्यापारी घराण्यातले फार थोडे. क्वालालंपूरची सुरुवातच बघा, 1857 मध्ये 87 चिनी मजूर नदीतून वर जाऊन आंपांगच्या जंगलात कथील शोधायला उतरले आणि महिन्याभरात त्यातले 18 उरले, बाकीचे हिवतापाने गेले असं इतिहासात सांगतात. पुढे तिथेच याप आ लॉय नावाचा माणूस साध्या खाणमजुरापासून सुरुवात करून शहराचा चिनी मुखिया झाला. आपल्या लक्षात तो राहतो, ते 69 राहत नाहीत. यशस्वी समाजांबद्दल आपण बोलतो ना, ते बरंचसं असं वाचलेल्यांकडे बघून बोलत असतो.

आता रक्ताचाच प्रश्न असेल तर त्याच गावांतले, त्याच आडनावांचे जे भाऊबंद चीनमध्येच राहिले ते 1970 मध्ये मलेशियातल्या चिन्यांच्या तुलनेत इतके गरीब का होते? रक्त एकच, वंश एकच, भाषा एकच. फरक पडला तो बंदराचा, बाजाराचा, कायद्याचा आणि राजवटीचा.

आणि मलेशियात गेल्यावर तरी सगळे चिनी सारखे होते का? अजिबात नाही. होक्कियन म्हणजे फूच्येनकडचे लोक पिनांगसारख्या बंदरात आधी पोचले म्हणून व्यापार त्यांच्या हातात, कॅन्टोनीज आणि हक्का हे दुसरे चिनी गट खाणीत, आणि हायनान बेटावरचे लोक उशिरा आले तोपर्यंत चांगले धंदे वाटून झाले होते, म्हणून ते इंग्रजांच्या घरी आचारी झाले आणि नंतर त्यांनी कॉफीची दुकानं टाकली. आज मलेशियातल्या कोपितियाममध्ये नारळाचा काया जॅम लावलेला टोस्ट आणि कॉफी मिळते ना, ती त्या उशिरा पोचलेल्यांची देणगी. सगळे चिनीच, पण कोण कधी पोचलं आणि त्यावेळी कुठलं काम मोकळं होतं यावर पुढच्या दोन-तीन पिढ्यांचं बरंच काही ठरलं.

वंशाचा मुद्दा मलेशियात अगदी वरपर्यंत पोचलेला आहे, हेही सांगतो. महाथीर मोहम्मद, जे पुढे 22 वर्षं सलग पंतप्रधान होते, त्यांनी 1970 मध्ये एका पुस्तकात मलयांच्या मागे राहण्याचं एक कारण आनुवंशिकता असं लिहिलं होतं, त्या पुस्तकावर देशात कित्येक वर्षं बंदी होती. त्याला सगळ्यात चांगलं उत्तर दिलं ते सय्यद हुसेन अलातास या समाजशास्त्रज्ञाने. त्यांचं म्हणणं असं, की मलय माणूस आळशी ही कल्पना गोऱ्या साहेबांची, कारण मलय शेतकरी त्यांच्या खाणीत आणि रबराच्या मळ्यात मजुरीला जायला तयार नव्हता. का जाईल? त्याच्याकडे स्वतःची भाताची जमीन होती, मासे होते, फळबाग होती. साहेबाकडे राबायला नकार दिला की तो आळशी!

प्रश्न : देश मलयांचा, राजे मलय, तरी तेच मागे कसे राहिले? (सोलापूर)

कारण त्यांना जिथे होते तिथेच ठेवायचं हे इंग्रजांचं ठरलेलं धोरण होतं. सुलतानांना मान, पेन्शन, राजवाडा. राजघराण्यातल्या मुलांसाठी क्वाला कांगसारला 1905 मध्ये कॉलेज. आणि सामान्य मलय पोराला गावात मलय भाषेतली चार इयत्तांची शाळा, ज्यात वाचन-लेखनासोबत टोपल्या विणायला आणि भाजी लावायला शिकवायचे. 1920 च्या सुमाराच्या सरकारी अहवालात उद्देश स्पष्टच लिहिलाय, की कोळ्याचा आणि शेतकऱ्याचा मुलगा बापापेक्षा जरा शहाणा कोळी किंवा शेतकरी व्हावा. कारकून नाही, डॉक्टर नाही, कोळीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रचंड राग आला होता आणि अजूनही येतो.

इंग्रजी शाळा होत्या त्या पिनांग, क्वालालंपूर, इपोह अशा शहरांत, आणि शहरात राहत होते चिनी आणि काही भारतीय. म्हणजे इंग्रजी, नोकरी, बँक, कर्ज, हिशेब हे सगळं ज्या रस्त्यावर होतं त्या रस्त्यावर मलय राहतच नव्हते. त्यात 1913 चा मलय राखीव जमिनीचा कायदा, जमीन मलयाने फक्त मलयालाच विकायची. जमीन परक्यांच्या हाती जाऊ नये हा हेतू चांगला वाटतो, पण घेणारेच मर्यादित झाले की जमिनीची किंमत पडते आणि ती गहाण ठेवून भांडवलही धड उभं राहत नाही. त्यातून भातच पिकवा, रबर नको असा दबाव होता, आणि त्या काळात पैसा रबरात होता.

प्रश्न : तिथे बहुसंख्याकांनाच आरक्षण आहे हे खरं का? आणि त्याने फायदा झाला का? आपल्याकडच्या आरक्षणाशी तुलना होऊ शकते का? (पुणे)

खरं आहे. 1957 च्या राज्यघटनेत कलम 153 मध्ये मलयांचं खास स्थान लिहिलेलं आहे, पण खरा जोर आला तो 13 मे 1969 नंतर. निवडणुकीच्या निकालानंतर क्वालालंपूरमध्ये मलय-चिनी दंगल उसळली, सरकारी आकडा 196 मृत्यूंचा आहे. त्यानंतर 1971 मध्ये नवं आर्थिक धोरण आलं आणि त्याचे हेतू दोन होते, गरिबी हटवायची, ती कुठल्याही वंशाची असो, आणि अमुक वंश म्हणजे अमुक धंदा हे समीकरण मोडायचं. म्हणजे मलय म्हणजे शेतकरी, चिनी म्हणजे दुकानदार, तमिळ म्हणजे मळ्यातला मजूर, हे बंद व्हावं.

पहिल्या हेतूत मोठं यश आलं हे मान्य करायलाच हवं. 1970 मध्ये द्वीपकल्पातली (म्हणजे बोर्नियो बेटावरची साबा आणि सारावाक ही राज्यं सोडून उरलेल्या मलेशियातली) जवळपास निम्मी कुटुंबं गरीब होती आणि 1990 पर्यंत तिथे हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आलं. भूमिहीनांना फेल्डा या सरकारी जमीनवाटप योजनेतून साधारण 10-10 एकराचे रबर आणि पामचे प्लॉट मिळाले, गावोगावी शाळा झाल्या, मलय मुलं विद्यापीठात गेली. 1970 मध्ये चिनी कुटुंबाचं सरासरी उत्पन्न मलय कुटुंबाच्या सव्वादोन पटीहून जास्त होतं, 2019 च्या मीडियनमध्ये ते 1.4 पटीच्या आत आलंय. (एक सरासरी आणि एक मीडियन, म्हणून हुबेहूब तुलना करू नका, पण दिशा स्पष्ट आहे.)

दुसऱ्या हेतूत गोंधळ झाला. 1990 पर्यंत कंपन्यांच्या शेअर्सपैकी 30 टक्के भूमिपुत्रांकडे हवे होते, 1970 मध्ये होते 2.4 टक्के, आणि 1990 ला पोचले 19-20 पर्यंत. गंमत वाटेल पण याच काळात चिन्यांचा वाटाही वाढला, 27 वरून 45 च्या आसपास. मग कमी कुणाचा झाला? परदेशी कंपन्यांचा, म्हणजे मुख्यतः ब्रिटिशांचा, ज्यांच्याकडे 1970 मध्ये 63 टक्के होते. मलय-चिनी भांडणात सगळ्यात मोठा मालक तिसराच होता हे आपण विसरतो. 1981 मध्ये मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने लंडनच्या शेअर बाजारात एका सकाळी, काही तासांत, गुथ्री ही मळ्यांची जुनी ब्रिटिश कंपनी ताब्यात घेतली, ते याच धोरणातून.

पण मोजायचं कसं यावरच वाद आहे. 2006 मध्ये एका खासगी अभ्याससंस्थेने भूमिपुत्रांचा वाटा 45 टक्के काढला आणि सरकार म्हणत होतं 18.9. दोघांनी खोटं बोलायची गरजच नाही. शेअरची छापील किंमत धरायची का बाजारभाव, सरकारी कंपन्या भूमिपुत्रांच्या खात्यात टाकायच्या का नाही, एवढ्यावर आकडा दुपटीहून जास्त हलतो. शेवटी संस्थेने अहवाल मागे घेतला आणि अभ्यासाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

आणि फायदा कुणाला पोचतो ते एका फ्लॅटवर बघा. तिथे नवीन बिल्डिंगमध्ये काही घरं भूमिपुत्रांसाठी राखीव असतात आणि त्यांना डिस्काउंट असतो, राज्यानुसार साधारण 5 ते 15 टक्के. धरा 5 लाख रिंगिटचा फ्लॅट आणि 7 टक्के सूट, म्हणजे 35 हजार रिंगिट वाचले. 20 लाखांच्या बंगल्यावर तीच सूट 1 लाख 40 हजारांची झाली. आणि क्लांतान राज्यातला भातशेतकरी, ज्याला कुठलाच फ्लॅट घेता येत नाही, त्याचे वाचले शून्य. वंशाच्या नावाने सूट दिली की ती समाजातल्या वरच्या थराकडे जास्त जाते. साबा-सारावाकमधले इबान, कडाझान आणि द्वीपकल्पातले ओरांग अस्ली हेही मूळचेच लोक, पण अजून सगळ्यात गरीब तेच सापडतात.

आपल्याशी तुलना? जपूनच करा. आपल्याकडचं आरक्षण सुरू झालं ते ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, शाळेत बाहेर बसवायचे, त्यांच्यासाठी. तिथे राजकीय सत्ता हातात असलेल्या बहुसंख्य समाजासाठी आहे. दोन्हीला कोटा म्हणतात म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

प्रश्न : भारतीय तर मलयांच्याही पुढे आहेत तुमच्याच टेबलमध्ये, मग ते तक्रार का करतात? (ठाणे)

कारण भारतीय नावाच्या एका रकान्यात दोन वेगळी जगं कोंबलीत. इंग्रजांनी रबराच्या मळ्यांसाठी मद्रास इलाख्यातून तमिळ मजूर नेले, कंगाणीमार्फत. कंगाणी म्हणजे आपल्याकडचा ऊसतोडीचा मुकादम समजा, स्वतःच्या गावातून माणसं उचल देऊन आणायची आणि मग तेच त्यांच्यावर लक्ष ठेवणार. मळ्यातच चाळीसारख्या लाईनीत राहायचं, मळ्यातलीच तमिळ शाळा, मळ्यातलंच ताडीचं दुकान. आणि त्याच काळात, पण जहाजाच्या वरच्या डेकवरून, श्रीलंकेतल्या जाफन्याचे तमिळ आणि मल्याळी कारकून म्हणून गेले, शीख पोलिसात, चेट्टियार सावकारीत, गुजराती व्यापारात. आज क्वालालंपूरमधला भारतीय वंशाचा वकील किंवा सर्जन आणि मळा विकला गेल्यावर घरही गमावलेला मजूर, दोघांचं उत्पन्न एकाच आकड्यात मिसळतं. मळे तोडून तिथे टाउनशिप झाल्या, नोकरीबरोबर घर, शाळा, देऊळ सगळंच गेलं, आणि शहराच्या कडेला झोपड्यात आलेल्या या लोकांना ना भूमिपुत्रांचा कोटा ना चिन्यांसारखं धंद्यातलं नातेवाईकांचं जाळं. 25 नोव्हेंबर 2007 ला हिंड्राफ या तिथल्या हिंदूंच्या हक्कांसाठीच्या संघटनेच्या मोर्चात हजारो लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले ते यासाठी. मधला आकडा बरा दिसतो म्हणून त्यांचं दुःख खोटं ठरत नाही.

प्रश्न : खासगी नोकऱ्यांमध्ये काही भेदभाव मोजता येतो का, की सगळं ऐकीव? (अमरावती)

मोजता येतो. सारख्याच शिक्षणाचे खोटे अर्ज पाठवायचे, फक्त नाव बदलायचं. मलेशियात ली ह्वोक ऑन आणि मुहम्मद अब्दुल खालिद यांनी हे केलं, चिनी नावाच्या उमेदवारांना खासगी कंपन्यांकडून मुलाखतीचे फोन मलय नावांपेक्षा कितीतरी पट जास्त आले. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये अशाच पद्धतीने अर्ज पाठवले तर दलित आणि मुस्लिम नावं मागे पडली. म्हणजे मलेशियात सरकारी दारात चिनी मुलगा अडतो आणि खासगी दारात मलय मुलगा, आणि दोघांनाही खात्रीने वाटतं की अन्याय फक्त आपल्यावर होतोय.

प्रश्न : मी क्वालालंपूरला आयटीत आहे, मूळचा साताऱ्याचा. या आकड्यांत मी भारतीय म्हणून धरला जातो का? (क्वालालंपूर)

नाही. हे आकडे मलेशियाच्या नागरिकांच्या कुटुंबांचे आहेत, तुम्ही व्हिसावर आहात म्हणजे तुम्ही त्यात नाही. आणि तुमच्याबरोबर आणखी लाखो लोक त्यात नाहीत, रबरी हातमोज्यांच्या कारखान्यातले नेपाळी, बांधकामावरचे बांगलादेशी, पामच्या मळ्यातले इंडोनेशियन. शंभर वर्षांपूर्वी जे काम तमिळ आणि चिनी मजूर करायचे त्यातलं बरंचसं आज हे करतात, बऱ्याचदा एजंटचं कर्ज डोक्यावर घेऊन. दुसऱ्या बाजूने, विद्यापीठात जागा मिळाली नाही म्हणून सिंगापूरला जाऊन तिथेच राहिलेले शिकलेले चिनी मलेशियनही या सर्व्हेत नाहीत. तेव्हा ऑफिसात कुणी हा टेबल दाखवून अमका समाज असा आणि तमका तसा म्हणायला लागला, तर आधी त्याला विचारा की यात मोजलंय कुणाला आणि सोडलंय कुणाला.